मांजरी बघून निवडलेलं हॉटेल

मुंबईत चांगलं शाकाहारी हॉटेल कसं शोधावं, ते मला विचारा. पाटी वाचू नका, गल्ल्यावरच्या मालकाच्या शपथा ऐकू नका. सरळ मागच्या गल्लीत जा आणि मांजरी बघा. मांजरी गुटगुटीत दिसल्या, तर पाटीवर काहीही रंगवलेलं असो, तिथून पाय काढा. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बाबांना घेऊन मुंबईत हिंडले, तेव्हा माझी मलाच सुचली.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. भाऊ भातकापणीत अडकलेले. म्हणून पळसदरीला दिलेली मी माहेरी, कोंडाण्याला आले आणि बाबांना घेऊन निघाले. मी चौथी शिकलेली, पाट्या वाचता यायच्या, आणि कुणाला भ्यायची सवय नव्हती. एवढं पुरेसं आहे असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं.

उतरलो एका धर्मशाळेत. तिथे चूल पेटवायला मनाई. घरून नेलेल्या तांदळाच्या भाकऱ्या संपल्या आणि खरी पंचाईत सुरू झाली, कारण बाबा माळकरी. आमचं सगळं गाव सुकट-बोंबलावर वाढलेलं. आमच्या घरातही सगळे खायचे, मी तर सगळ्यांत जास्त. एकटे बाबा गळ्यात तुळशीची माळ घालून डाळभातावर. त्यांची पळी वेगळी, तवा वेगळा, आई त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर रांधायची. मुंबईत कुठली पळी कशात बुडते कुणाला ठाऊक, म्हणून ते केळी खायचे, पाणी प्यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि मला बाजूला बोलावलं. "यांच्या अंगात काही जोरच नाही. चार दिवस पोटभर जेवले तर मी ऑपरेशन करतो. नाहीतर घेऊन जा परत." परत न्यायचं म्हणजे जन्माचं आंधळं करून न्यायचं. मी म्हटलं, "जेवतील." कुठे जेवतील, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना धर्मशाळेत बसवून मी एकटीच निघाले. पहिल्या खाणावळीत मालकाने देवाच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली. त्याच्या मागच्या दाराशी तीन मांजरी लोळत होत्या, इतक्या सुस्त की मला बघून उठल्याही नाहीत. त्यांना डाळीवर कुणी एवढं पोसलं नसणार. तिथेच मला युक्ती सापडली.

दुसरी खाणावळ ब्राह्मणांची. भांडी लखलखीत, जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, मागे मांजराचं पिल्लूही नाही. मी खुशीत बाबांना घेऊन आले, तर वाढप्याने जात विचारली आणि आम्हाला बाहेरच्या पडवीत बसायला सांगितलं. बाबा बसायला निघाले. मी त्यांना हात धरून रस्त्यावर आणलं आणि मागे वळून त्या वाढप्याला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

तिसरं उडप्याचं हॉटेल. मागे एकच मांजर, बरगड्या दिसणारं. एवढ्यावर न थांबता मी मागच्या दाराने थेट भटारखान्यात शिरले. आचारी ओरडला, पण बाईमाणसाला स्वयंपाकघरातून बाहेर कसं काढायचं ते त्याला सुचेना. मी झाकणं उघडली, वास घेतला, पळ्या पाहिल्या. मासळीचा वास मला रस्त्याच्या पलीकडून येतो. तिथे नव्हता.

बाबांना आणून पडद्याआडच्या जागेत बसवलं. दोघांची ताटं आली: रेशनचा मूठभर भात आणि वाटीत लाल आंबट सांबार. बाबांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपलं आणि हात झटकन मागे घेतला.

"शेवगा हाय गं यात."

"मग?"

"म्हंजे जवळा असनार."

आमच्याकडे शेवगा जवळ्याशिवाय शिजत नाही. शेंग आली की तिच्यात सुकी बारीक कोळंबी आलीच. जगात कुणी नुसता शेवगा रांधत असेल, हे बाबांच्या मनात कधी आलंच नव्हतं. ते उठू लागले आणि माझा तोल सुटला.

"चार दिस काढून ठेवा ती माळ! डोळे गेल्यावर काय करनार हाय तिचं?"

बाबा परत खाली बसले. मग हळूच म्हणाले, "तुज्या आदीची दोन पोरं गेली. तू बी तापानं गेल्यातच जमा व्हतीस. तवा घातली ही माळ. तुला र्‍हाऊ दे म्हनून. आता मी चुकलो, तर ते माज्यावर नाय येनार, पोरी."

मला कुणी हे सांगितलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. रडत बसले असते तर भात निवला असता. मी माझी वाटी तोंडाला लावली, शेंग चावून चोथा केला.

"बाबा, जवळा मी जन्मभर खाल्लाय. यात डाळ हाय, चिंच हाय, मिरची हाय. जवळा नाय."

"तू चुकलीस तर?"

"तर माज्यावरच येनार ना? मग जीव माजा हाय. मी सांगते, जेवा."

ते जेवले. पुढचे चार दिवस रोज दोन्ही वेळा तिथेच जेवले, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना उताणं निजवून ठेवलं. मी जेवण डब्यात आणून भरवत होते. भरवताना ते माझा हात धरून ठेवायचे. मला वाटायचं, अंधाराची भीती वाटत असेल.

पट्टी निघाली त्या सकाळी डॉक्टरांनी बोटं पुढे धरली आणि किती दिसतात म्हणून विचारलं. बाबांनी त्या बोटांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बरी हायस ना गं तू?"