गारगोटीच्या चार गाड्या

कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्याजवळ एक बॅग, एक छत्री आणि पाठ केलेली चार वाक्यं होती. वाक्यं नागपुरातच तयार केली होती. कॉलेजातला माझा मित्र दत्ता काविळीनं गेला, त्याला दोन महिने झाले होते. बिद्रीजवळच्या खेड्यात त्याची आई एकटी राहते. तिला भेटायला मी निघालो होतो. पेपर तपासायचे आहेत, ऊन फार आहे, ही कारणं मला दोन महिने पुरली. शेवटी बायकोनंच तिकीट काढून हातात दिलं.

साठच्या दशकात चार वर्षं मी इथं शिकलो. दत्ता आणि मी बोर्डिंगात (विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात) एका खोलीत होतो. त्याचा डबा रोज गावाहून एस.टी.नं यायचा. ड्रायव्हरच्या शेजारी पाचपन्नास डबे रचलेले असत आणि पोरं आपापला ओळखून उचलत. आमच्या डब्यात सहा भाकऱ्या असायच्या. त्यातल्या दोन माझ्या. म्हणजे या बाईच्या हातचं मी चार वर्षं जेवलो आणि तिला भेटलो दोनदा.

बिद्रीला गारगोटीची गाडी जाते. स्टँडवर ती उभीच होती. शिट्टीवाले कंट्रोलर म्हणाले, "पावणं, कुठं?"

"बिद्री."

"मग चढा की. गाडी लागलीया."

"जरा तोंड धुऊन येतो."

"बिद्रीत पाणी न्हाय व्हय?"

मी हसलो आणि तोंड धुवायला गेलो. इतकं स्वच्छ तोंड मी लग्नाच्या दिवशीही धुतलं नसेल. बाहेर आलो तेव्हा गाडी गेली होती, आणि मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही.

पुढच्या गाडीला दीड तास होता. रिक्षा करून गंगावेशीत गेलो. तिथं दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी असते आणि धार थेट पेल्यात येते. पूर्वी मी अर्धा पेला प्यायचो आणि उरलेला दत्ता संपवायचा, वर स्वतःचे दोन. त्याच्या आठवणीसाठी मी पूर्ण पेला मागितला. गवळ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पावणं, अर्धाच घ्या. तुमचं पोट पुस्तकातलं दिसतंय."

मी पूर्ण प्यालो. तासाभरात पोटानं त्याचा जाब विचारला, आणि दुसरी गाडी मी अगदी खऱ्याखुऱ्या कारणानं चुकवली.

पोट शांत झाल्यावर कॉलेजात गेलो. वाचनालयाचे लाकडी बाक तेच होते, फक्त मला वाटत होतं त्याहून बुटके. खिडकीजवळ बसून मी जगातलं सगळं वाचून काढायचं ठरवलं होतं. दत्ता बाहेर कट्ट्यावर बसून मी कधी उठतो याची वाट पाहायचा. दारातल्या म्हाताऱ्या शिपायानं चष्मा कपाळावर चढवला.

"तुमी ते वाचत वाचत पायऱ्यांवरनं पडलेलं न्हवं?"

बारा वर्षांत माझी एवढीच कीर्ती इथं उरली होती. "मीच तो," म्हटलं.

"आन् तुमास्नी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंतं ते पैलवान? ते कुठं असत्यात?"

"बिद्रीला."

"बरं हाईत न्हवं?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"माझा नमस्कार सांगा."

सांगतो म्हटलं. खाली उतरताना पुन्हा पडेन असं वाटलं म्हणून कठडा धरला. दत्ता गेला, हे मी अजून कुणालाही तोंडानं सांगितलं नव्हतं. बायकोपुढेही फक्त ते कळवणारं पत्र ठेवलं होतं. आणि इथं एका भल्या माणसाला मी त्याची खुशाली देऊन मोकळा झालो होतो.

दुपारी मिसळीच्या दुकानात गेलो. भिंतीलगतचा शेवटचा बाक आमचा. पहिल्या घासालाच कट (मिसळीवर ओततात तो जहाल रस्सा) घशात उतरला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. घास संपला तरी पाणी थांबेना. मालक दह्याची वाटी घेऊन आले.

"सवय न्हाय वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. त्यांनी आणखी एक पाव ठेवला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. तिसरी गाडी तिथंच गेली.

चारला स्टँडवर परतलो. कंट्रोलरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"सकाळधरनं बघतोय. तुमास्नी जायाचं हाय का न्हाय? सासुरवाडी हाय काय बिद्रीला?"

"मित्र वारला," मी म्हणालो. "त्याच्या आईला भेटायचंय."

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेऊन सरळ गाडीत ठेवली. "बॅग जाऊ दे म्होरं. तुमी मागनं या."

बॅगेत माझे दोन शर्ट आणि तपासायचे पेपर होते. मी चढलो. तासभर दोन्हीकडं ऊस होता, आणि मी ती चार वाक्यं घोकत होतो.

दत्ताची आई, म्हणजे माझ्या मावशी, सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) बसल्या होत्या. शेजारच्या दोन बायका जवळ होत्या. मी समोर बसलो आणि चारातलं एकही वाक्य आठवेना.

"कवा आलास?" मावशींनी विचारलं.

"सकाळी सातला."

"साताला? मग दिसभर कोल्हापुरात काय केलंस?"

खोटं सुचेना. "तुमच्यापुढं यायचं धाडस होईना, मावशी. म्हणून हिंडत बसलो."

शेजारणींनी एकमेकींकडं पाहिलं. मावशी म्हणाल्या, "कुठं कुठं हिंडलास?"

मी सांगू लागलो. दूधकट्टा म्हणताच त्यांनी मला थांबवलं.

"दूध? घरात पेला सरकवायचा. म्हणायचा, वास येतोय."

"तिथं अडीच पेले प्यायचा."

"अडीच!" त्या जवळ सरकल्या. "आन् मग?"

चार वर्षं त्यांनी कोल्हापूरला डबे पाठवले, पण स्वतः पाहिली होती ती फक्त अंबाबाई. ते डबे जिथं उघडत ती जागा त्यांना ठाऊक नव्हती. मी खोली सांगितली, कट्टा सांगितला, मिसळीचा बाक सांगितला. मला खांद्यावर घेऊन तो पळाला ते सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. "तुझं वजन ते काय आसंल!" शेजारणींना हसावं की नाही कळेना. पोटात दूध आणि डोळ्यांत कट घेऊन मी दिवसभर जो पळपुटेपणा केला होता, तेवढाच मला त्यांना देता आला.

शेवटच्या गाडीची वेळ झाली. मी उठलो आणि सवयीनं बोलून गेलो, "येतो, मावशी."

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. न बोलता उठायचं असतं, नाहीतर पुन्हा अशाच कारणानं यावं लागतं असं मानतात. एवढं लहान मुलालाही कळतं. एका शेजारणीनं तोंडावर पदर धरला. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं. "म्हणलास न्हवं? मग ये," त्या म्हणाल्या. "सगळं कुठं सांगून झालंय?"

नागपूरला येऊन महिना झाला. घरी मी प्रवासाचं वर्णन नेहमी तारखेवार करतो. या वेळी काय काय पाहिलं असं बायकोनं विचारलं, तेव्हा आधी 'दत्ता गेला' एवढं म्हटलं आणि मग बाकीचं सांगितलं. शिपायाशी मी खोटं बोललो, ते जाऊन दुरुस्त करायचं आहे. काल मावशींचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: "पेरणी झाली. मला कोल्हापूर दावायला ये. मिसळ मी खाणार न्हाय. त्येच्या बाकावर बसणार."