क्लेमचं मडगार्ड

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या कारखान्यात दोन माणसं बसतील अशा उघड्या, वेगवान गाड्या व्हायच्या. मी सीटा शिवायची. भिंतीपलीकडे क्लेम यार्डली पत्रा ठोकायचा. १९५३ साली पहिलं मॉडेल निघालं, तेव्हा पुढच्या मडगार्डाची गोलाई त्यानं हातानं काढली. कागदावर ती कधी धड उतरलीच नाही. ती फक्त त्याच्या तळहाताला ठाऊक होती, आणि तिथंच त्याचा घात झाला.

दोन वर्षांनी त्याची बायको ऑल्वेन हिला ऑस्ट्रेलियाहून बहिणीचं पत्र आलं. पंचेचाळिशीच्या आतल्या माणसांना तिथलं सरकार नाममात्र भाड्यात तिकडे राहायला नेत होतं. दोघांनी अर्ज भरला आणि क्लेम आमच्या फोरमनला, लोमसला, सांगायला गेला.

"जा की," लोमस म्हणाला. "दुसरं मॉडेल तेवढं मार्गी लाव. दिवे वर घ्यायचेत. तुझ्याशिवाय कोण करणार?"

क्लेम थांबला. दुसऱ्यानंतर तिसरं आलं: तोंड रुंद, दारांना वर-खाली होणाऱ्या काचा. पुन्हा तीच विनवणी, पुन्हा तो थांबला. त्यानं दोघांना शिकवून पाहिलं, पण त्यांची मडगार्डं गाडीवर बसेनात.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "जरा वाईट काम कर की. आपोआप सोडतील."

"हात ऐकत नाहीत गं," तो म्हणाला.

चौथ्या मॉडेलला मडगार्ड साच्यात दाबून काढायचं ठरलं. साच्यासाठी नमुना क्लेमनंच करायचा होता. अकरा आठवडे त्यानं जीव ओतला. "साचा झाला की मी सुटलो," म्हणायचा. त्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. पण साच्यातून निघालेल्या प्रत्येक मडगार्डाला दिव्याजवळ बारीक लाट यायची. ती हातानंच बसवावी लागे.

"दोनच महिने," लोमस म्हणाला.

त्या दोन महिन्यांची चार वर्षं झाली. मध्येच क्लेमची पंचेचाळिशी उलटली. ऑल्वेननं तो भरून ठेवलेला अर्ज शेगडीत घातला. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं क्लेम मला नंतर म्हणाला.

१९६९ला चौथं मॉडेलही बंद झालं. आता जुन्या गाड्यांसाठी सुटी मडगार्डं करत राहा, असं लोमसनं फर्मावलं. पुढचं मला ऑल्वेननंच सांगितलं. दुसऱ्या सकाळी कामाची वेळ झाली तरी क्लेम स्वयंपाकघरात बसून होता. दोनदा उठला. दोनदा तिनं खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तिसऱ्या दिवशी लोमस दारात हजर.

"क्लेम आहे का?"

"नाही," ऑल्वेन म्हणाली. तिच्या मागे क्लेम टेबलाशी चहा पीत बसला होता.

"अहो बाई, तो काय समोर बसलाय."

"तो माझा नवरा. तुमचा पत्रेवाला या घरात नाही."

लोमस टोपी चढवून गेला.

ऑस्ट्रेलिया राहिलंच. दोघं ऑल्वेनच्या माहेरी, वेल्समधल्या समुद्राकाठच्या गावी राहायला गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीनं क्लेमचे कान पार गेले होते. मी ओरडून विचारलं, "करमतं का इथं?"

"हिला करमतं," तो म्हणाला. "मला अजून पहाटे जाग येते. पाय आपोआप कामाच्या वाटेला लागतात. तेव्हा ही फाटकाची कडी लावून ठेवते."

ऑल्वेननं त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.