ऑपरेशनच्या वेळची झोप

१९७८च्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका दवाखान्यात, बायकोचं ऑपरेशन चालू असताना, एक माणूस बाहेरच्या बाकावर गाढ झोपला. माझी आई त्याच्या बायकोच्या शेजारच्या खाटेवर होती. ती दाखल झाल्यापासून मी त्याला झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिला आत नेल्यावर त्यानं टोपी काढून प्रार्थना केली, "देवबापा, आता तूच बघ," आणि त्याची मान कलली.

सासूनं त्याला गदागदा हलवलं. "जावईबापू, घोरताय? लाज नाही वाटत?"

तो ताडकन उठला. मग दिवसभर टोपी हातात धरून उभाच राहिला.

संध्याकाळी बायको शुद्धीवर आली. तो मान खाली घालून म्हणाला, "मला झोप लागली गं."

"लागली ना?" ती म्हणाली. "आत जाताना मी प्रभूकडे तेवढंच मागितलं होतं."

तो तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसला.