दादाच्या अल्बमविरुद्ध

आमच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या मशीनवर जो उभा असतो, त्याला सगळे वकील म्हणतात. काळा कोट त्यानं पाहिलाय तो धुवायला आलेलाच. पण वादाला उभा राहिला की समोरच्याला पाणी पाजल्याशिवाय थांबत नाही, म्हणून वकील. मी त्याच मशीनच्या दुसऱ्या तोंडाशी असते. तो ओली चादर आत सरकवतो, माझ्याकडे ती कडक होऊन येते, मी घडी घालते. इतकी वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरली, म्हणजे हा माणूस मला कळला, असं मी धरून चालले होते. कसलं काय!

शनिवारी दुपारी मशीनं बंद ठेवून ड्रायरच्या जाळ्यांमधला कापसाचा भुगा काढायचा असतो. साचू दिला तर पेट घेतो. आठवडाभर एकमेकांच्या कानात ओरडणारे आम्ही तेव्हा कुठे माणसांसारखे बोलतो. अशाच एका शनिवारी गाडीवरच्या ड्रायव्हरनं स्पीकर आणला आणि हिप-हॉप लावलं. मी नाक मुरडलं. हे काय गाणं, हे तर भांडण! पण भांडणाची मला पहिल्यापासून आवड, त्यामुळे बघता बघता मीही त्यात बुडाले.

मग वाद सुरू झाले. थोर अल्बम कशाला म्हणायचं?

"ठेका," ड्रायव्हर म्हणायचा. "गाडीचा आरसा थरथरला पाहिजे. बाकी सगळं झूठ."

बॉयलरवाले काका म्हणायचे, "शब्द कळला पाहिजे. माझ्यासारख्या अर्ध्या बहिऱ्याला कळला, तर तो बोलणारा खरा."

माझं म्हणणं साधं होतं. एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटता कामा नये. ढकललंत की तो अल्बम नव्हे, गाठोडं.

आणि वकील म्हणायचा, "पहिल्या गाण्यातला माणूस शेवटच्या गाण्यात कुठंतरी पोचलेला हवा. जिथल्या तिथेच राहिला, तर कशाला एवढी गाणी केली?"

प्रत्येकजण आपण आणलेल्या अल्बमची कड घ्यायचा. एकदा शब्दाला शब्द वाढून ड्रायव्हर आणि वकील आठवडाभर बोलेनासे झाले, तेव्हा काकांनी नियम घातला. जो अल्बम आणेल त्यानंच त्याच्या विरुद्ध बोलायचं, बाकीच्यांनी बाजू घ्यायची. आणि गाणाऱ्याचं नाव निकालानंतर सांगायचं. भांडणं थांबली, वाद रंगायला लागले. नियम कुणी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

आम्हाला जे नंतर कळलं, ते तुम्हाला आधीच सांगते. ते लपवून गोष्ट रंगवायची मला लाज वाटेल. वकिलाला एक थोरला भाऊ होता. इमारतींना रंग द्यायचा. घरी आला की जिन्याखाली रजई टांगून, तिच्या आडोशाला बसून फोनवर गाणी रेकॉर्ड करायचा. शब्द त्याचे, ठेके वकिलाचे. अल्बम पुरा व्हायच्या आत तो परांचीवरून पडला आणि गेला. झाली होती तेवढी गाणी वहिनीच्या फोनवर राहिली. वहिनी रोज जेवताना ती लावायची आणि दीर-वहिनी दोघं ऐकत ऐकत जेवायचे. दादाचा अल्बम थोर आहे याबद्दल घरात दुमत नव्हतं. पण घरच्यांच्या कौतुकावर समाधान मानेल तर तो वकील कसला? परक्या माणसांनी, काही माहीत नसताना म्हणावं की हा अल्बम मोठा आहे, एवढंच त्याला हवं होतं. आमच्याकडून कीव नको होती, म्हणून तो बोलला नाही. आणि नियमाप्रमाणे विरुद्ध बोलायला उभा राहिला तो हरायच्या इराद्यानं.

त्या शनिवारी स्पीकर लावायच्या आधी तो तोंड धुऊन, केस विंचरून आला. मी म्हटलं, "काय रे, लग्नाला उभा राहतोयस का?" तो हसला नाही.

गाणी चांगली होती. खरंच होती. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून सगळं घर कामावर जातं आणि बंद दार दिवसभर एकटं बोलत बसतं, असं एक गाणं होतं. त्याला काकांनी मान डोलावली. ड्रायव्हरनं ठेक्याला दाद दिली, तेव्हा वकील इतका खुलला की मला नवल वाटलं.

मग तो बोलायला उठला. पहिले एकदोन मुद्दे अगदीच मिळमिळीत मांडले. ड्रायव्हरला राहवतंय थोडंच? "वकीलसाहेब, आज फी बुडाली वाटतं!" आम्ही सगळे हसलो, आणि त्याची सवय जागी झाली. आवाज चढला. आवाज रजईत कोंडल्यासारखा येतो, म्हणाला. दोन गाण्यांचा ठेका जवळजवळ एकच आहे, म्हणाला. राग खरा आहे, पण कुणावर आहे ते या माणसालाच ठाऊक नाही. प्रत्येक मुद्द्यानंतर तो थांबायचा, आमच्या तोंडांकडे बघायचा. आता वाटतं, तो वाट बघत होता. कुणीतरी उठावं आणि मुद्दा खोडून काढावा म्हणून. आम्ही मूग गिळून बसलो. त्याच्यापुढे आमचा काय निभाव लागणार!

शेवटी म्हणाला, "आणि हा माणूस कुठंच पोचत नाही. निघतो, आणि मधेच थांबतो."

काका हळूच म्हणाले, "हे मात्र पटलं." ड्रायव्हरनं हात वर केले. मीही मान हलवली. निकाल लागला. बरा आहे, थोर नाही. गाणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाला, "कुणी नाही, असाच एक." आणि जाळी साफ करायला निघून गेला.

पुढच्या शनिवारी त्याची वहिनी लॉन्ड्रीच्या दारात आली. तिला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाली, "भाऊजी काही सांगतच नाहीत, म्हणून म्हटलं आपणच विचारावं. यांचा अल्बम ऐकलात ना तुम्ही? मागच्या शनिवारी माझा फोन घेऊन आले होते ना ते?"

"यांचा म्हणजे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"माझ्या मिस्टरांचा. ते आता नाहीत. भाऊजींचे दादा."

वकील मशीनकडे तोंड करून उभा होता. बंद मशीनकडे.

"आवडला," मी म्हटलं. "फार आवडला हो."

"कुठलं गाणं?"

एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारा ड्रायव्हर कसनुसा होत म्हणाला, "ते किल्लीचं."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिथं उभं राहवेना. "मी म्हणतच होते! ते माझ्यावर केलेलं होतं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "भाऊजी, आठ दिवस झाले, तुम्ही ताट घेऊन गॅलरीत बसता. आज आत बसा. मी लावते."

"लावा," तो म्हणाला.

ती गेली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, "नियम गेला खड्ड्यात. आण तो अल्बम. मी बाजू घेतो. बघू कोण काय बोलतं ते."

"आता काय उपयोग?" वकील म्हणाला.

"अरे, आम्ही काय देव लागून गेलो?" मी म्हटलं. "आमचं काय मनावर घेतोस!"

"तुमचं नाही मावशी, माझंच." त्यानं जाळीतला भुगा मुठीत घेतला आणि तसाच धरून ठेवला. "दादा तोंड उघडतो आणि मला माझे मुद्दे ऐकू येतात. तो पुढचं वाक्य म्हणायच्या आत माझा मुद्दा तयार असतो. आठ दिवस मी त्या मुद्द्यांना उत्तर शोधतोय."

"मग?"

"सापडत नाही," तो म्हणाला. "आणि आज वहिनींबरोबर जेवायला बसायचंय."