नऊ हजारांचा भोपळा

एस्तेरताईंना एखादी वस्तू आवडली की त्या दिवशी त्या ती कधीच घेत नसत. आम्ही दोघी औरंगपुऱ्यात गेलो की भांड्यांच्या दुकानात त्या एखादी कढई उचलत, बोटानं वाजवून बघत, बूड तपासत, भाव विचारत आणि तशीच खाली ठेवत. दुकानदार त्यांना ओळखून होता. "खाला, आज देखने का दिन है क्या लेने का?" असं तो लांबूनच विचारायचा. "देखने का," ताई शांतपणे सांगत. पुढच्या आठवड्यातही कढई हवीशी वाटली तर घ्यायची, नाही तर ती दुकानदाराचीच. बहुतेक कढया दुकानदाराच्याच राहिल्या.

रिया, जोएल, तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. गारखेड्यात आमच्या समोरच्याच घरात त्या राहायच्या. आमचं चर्चही एकच. दोन वर्षांपूर्वी त्या प्रभूकडे गेल्या. परवा रिया फोनवर म्हणाली, "आजी, पगार येतो आणि कुठे जातो तेच कळत नाही," तेव्हा मला पहिल्यांदा त्याच आठवल्या. त्यांचे यजमान शमुवेलभाऊ वाळूजला एका कारखान्यात फिटर होते. त्या एका पगारात ते घर इतकं निवांत कसं चालतं, याचं मला फार कुतूहल. घरात साखर असतानाही मी वाटी घेऊन साखर मागायला जायची आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बघत बसायची.

पगार झाला की पैसे फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांत जात. सगळ्यात आधी देवाचा डबा, म्हणजे दशांश; पगाराचा हा दहावा हिस्सा चर्चला जाई आणि त्यातून पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, पगार निघे. मग किराणा, मग मुलीच्या, करुणाच्या शिक्षणाचा, मग दुखण्याखुपण्याचा. शेवटी एक हौसेचा. त्या शेवटच्या डब्याचं मला नवल वाटलं.

"हौसेला कशाला हो वेगळा डबा?" मी विचारलं.

"तिला तिचा डबा नसला तर ती दुसऱ्याच्या डब्यात हात घालती," ताई म्हणाल्या.

भात टाकताना त्या मापातून एक मूठ तांदूळ काढून बरणीत टाकायच्या. रविवारी ती बरणी चर्चला जायची आणि तिथून एखाद्या अडचणीतल्या घरी. एकदा महिनाअखेरीला त्यांचाच तांदळाचा डबा तळाला गेलेला मी पाहिला, तरी मूठ निघालीच. "आज राहू द्या की," मी म्हटलं. "एका मुठीनं आमचं पोट रिकामं राहतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी जाती, त्याचं मात्र ती नाय गेली तर राहतं."

आता तो भोपळा. आपल्या चर्चमधला हंगामाचा सण तुम्ही कधी पाहिला नाही. ज्यांची शेती आहे ते पहिलं पीक आणतात, बाकीचे कोंबडी, अंडी, भाज्या, केक, जे जमेल ते. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातात. कोथिंबिरीची जुडी शंभर रुपयांना जाते, आणि घेणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात. त्या वर्षी करुणाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी पुढच्याच आठवड्यात भरायची होती. तिच्या डब्यात ती जमलेलीही होती.

मोठा लाल भोपळा लिलावाला आला. शमुवेलभाऊ दोनशे म्हणाले. त्यांचे चुलतभाऊ दावीद पडेगावहून आले होते. ते पाचशे म्हणाले. हजार झाले, दीड हजार झाले. मग दावीदभाऊ मोठ्यानं म्हणाले, "शमुवेल, बस खाली. तुझा सगळा कारभार वहिनीच्या डब्यात. तुला नाय झेपायचं." आवारात हशा पिकला. शमुवेलभाऊ बसले नाहीत. त्यानंतर काय झालं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. भोपळा नऊ हजारांपर्यंत गेला, लिलाव करणाऱ्या पंचांनी "तीन वार" म्हटलं आणि टाळ्या झाल्या. मी बायकांच्या बाजूला ताईंच्या शेजारी होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले. भोपळा ओट्यावर होता आणि शमुवेलभाऊ त्याच्याकडे न बघता बोलत होते.

"देवालाच दिलं ना? मंडळीपुढं बोललेलं मोडता येतं का?"

"मोडा म्हणतंय कोण? द्यायचेच," ताई म्हणाल्या. "पण देवाला दोनशेबी पुरले असते. वरचे तुमच्या नाकानं मागितले."

"मग देवाच्या डब्यातून दे."

"त्यात पाळकसाहेबांचा पगार हाय. त्यांची चूल तुमच्या भोपळ्यावर पेटती का दर महिन्याला?"

भाऊ हळूच म्हणाले, "करुणाच्या डब्यातून घे. तिला देव देईल."

करुणा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती पुढेही आली नाही आणि मागेही गेली नाही. तिचे डोळे आईकडे होते.

"देव देईल म्हणून आपण उधळायचं, असं कोणत्या वचनात लिवलंय ते दाखवा," ताई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, फळीवरून हौसेचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"अगं, ह्यातून नाताळ व्हायचाय."

"झाला," ताई म्हणाल्या.

त्या डब्यात भाऊंचा नवा कोट होता, कॅरोल गाणाऱ्यांना द्यायचं जेवण होतं, गल्लीभर वाटायचा फराळ होता. कमी पडले ते ताईंनी पाळकसाहेबांना सांगून महिन्या-महिन्यानं फेडायचं ठरवलं. त्यासाठी भाऊंची स्कूटर घरात उभी राहिली आणि भाऊ कंपनीच्या बसनं जायला लागले. करुणाची फी वेळेवर भरली गेली. ती होस्टेलवर गेली.

नाताळला त्यांच्याकडे फराळाला फक्त त्या भोपळ्याचे घारगे होते. भाऊ मागच्या वर्षीच्याच कोटात दारात उभे. दावीदभाऊ आले, बशीकडे बघून म्हणाले, "वहिनी, लई महागाचे घारगे."

"खा की," शमुवेलभाऊ म्हणाले, "तुझ्यामुळंच गोड झालेत." दावीदभाऊ हसले आणि त्यांनी दुसरा घेतला.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला होता. पाहुणे गेल्यावर मी विचारलाच. "ताई, तुम्ही नुसतं खोकला असता तरी भाऊ त्या दिवशी थांबले असते. का नाही थांबवलं?"

"थांबले असते, व्हय," ताई म्हणाल्या. "मग दावीदभाऊजी बोलले ते सगळ्यांपुढं खरं झालं असतं. ह्यांनी पुन्हा त्या आवारात पाय ठेवला असता का? पैसा कुठनं तरी आणता येतो गं. चारचौघांत खाली गेलेली मान वर आणायला मी कोणता डबा उघडू?"

"आणि पुढच्या वर्षी पुन्हा केलं तर?"

"ते मला बी बघायचंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या हंगामाच्या सणाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. करुणाच्या दुसऱ्या वर्षाची फी त्याच महिन्यात भरायची होती. लिलावाला एक तुरेबाज कोंबडा आला. दावीदभाऊ एकदम हजार म्हणाले आणि वळून शमुवेलभाऊंकडे बघत राहिले. मग सगळं आवारच त्यांच्याकडे बघायला लागलं. शमुवेलभाऊंनी बायकांच्या बाजूला नजर टाकली. ताईंनी तेवढ्यात चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. चष्म्याशिवाय त्यांना पुढचं माणूससुद्धा दिसत नसे.

"एक वार," पंच म्हणाले. भाऊंचा हात वर आला. "दोन वार." हात डोक्यावर गेला, केसांवरून फिरला आणि खाली आला. "तीन वार."

"कोणाला गेला गं?" ताईंनी काच पुसत विचारलं.

"दावीदभाऊंना."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, सावकाश, दोन्ही कानांमागे नीट बसवून. "चला," त्या म्हणाल्या, "करुणाचं दुसरं वर्ष भरलं."