पालीहून जेनोआला

राजगडाच्या पायथ्याशी पाली गावात आमचं घर आहे. गड बघायला येणाऱ्यांना आम्ही जेवू घालतो. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा आणि वर ताक. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत हे सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. जगभरची माणसं आमच्या अंगणात जेवून गेली, पण आम्ही दोघं फिरायला म्हणून कधी कुठं गेलो नाही.

आमची लेक जहाजांचे आराखडे करायचं शिकली आणि इटलीतल्या जेनोआ शहरात नोकरीला लागली. फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, "आई, आबांना घेऊन ये." ह्यांचंही उत्तर ठरलेलं. "म्हशी कोण बघंल? माणसं आली तर उपाशी जातील." शेवटी तिनं न विचारता तिकिटंच काढली. मे महिन्याचं ऊन, गडावर माणूस कमी. म्हशी जाऊबाईंनी सांभाळायला घेतल्या. मग ह्यांनी पिशवी भरली.

जेनोआ म्हणजे डोंगराच्या उतारावर चिकटवलेलं शहर. पिवळ्या-गुलाबी उंच इमारती, त्यांच्या मधनं दोन माणसं जेमतेम जातील अशा बोळी, आणि सगळ्याच्या खाली समुद्र. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. शाळेत नकाशावर भूमध्य समुद्र रंगवला होता तेवढाच. लेकीच्या गच्चीवरून तो दिसला तेव्हा मी चहाचा कप हातात तसाच धरून उभी राहिले. चहा गार झाला.

सोमवारी लेक कामाला गेली आणि आम्ही दोघंच उरलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. घरी आमचं बोलणं म्हणजे किती ताटं, तवा तापला का, ताक पुरंल का. इथं ना ताटं, ना तवा. ह्यांनी भांडी घासली, चादरींच्या घड्या केल्या, खिडकीची ढिली कडी घट्ट बसवली. दहा वाजता काम संपलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "आता?"

"आता बघायचं," मी म्हणाले.

"काय बघायचं?"

तो दिवस चर्च बघण्यात गेला. हे प्रत्येक ठिकाणी दाराशीच उभे राहायचे, माणसं आत सोडून बाहेर थांबलेल्या वाटाड्यासारखे.

मंगळवारी लेक म्हणाली, वरच्या डोंगरावर जुने किल्ले आहेत. किल्ला म्हटल्यावर हे ताडकन उठले. डोंगरावर दोरानं ओढली जाणारी एक छोटी रेल्वे जाते, तिनं आम्ही वर गेलो. पुढं तटाच्या कडेनं पायवाट होती. हे पुढं, मी मागं. तटाला हात लावून म्हणाले, "दगड चांगला बसवलाय. पर पाण्याचं टाकं कुठं दिसंना." आल्यापासूनचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य हेच.

अर्ध्या वाटेत कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. वळणावर एक म्हातारे गृहस्थ खाली बसले होते, पाय धरून. शेजारी त्यांची बायको. सुट्या दगडावरून पाय घसरला होता. बाई घाबरून भराभर काही सांगत होत्या, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण मुरगळलेला पाय कुठल्याही भाषेत मुरगळलेलाच असतो. गडावरून अशी किती माणसं ह्यांनी खाली आणलीत. ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, बूट तसाच ठेवून घोटा कचकून बांधला, झाडीतनं एक काठी शोधली आणि म्हाताऱ्यांचा हात आपल्या गळ्यात घेतला.

"दमानं. दमानं," हे म्हणत होते.

"पियानो, पियानो," ते म्हणत होते.

त्यांच्या भाषेत पियानो म्हणजे सावकाश, हे लेकीनं नंतर सांगितलं. तासभर अशी वरात चालली. मी आणि बाई मागून, चौघांच्या पिशव्या घेऊन. रेल्वेच्या ठाण्याशी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. बाईंनी माझे दोन्ही हात धरले, लेकीचा नंबर घेतला आणि ते गेले.

ह्यांचा चेहरा उजळला होता. मला मात्र राग आला. कशाचा, ते आधी मलाच कळेना. घरी आल्यावर तो बाहेर पडला.

"किल्ला ऱ्हायला बघायचा," मी म्हणाले.

"अगं, माणूस पडला व्हता."

"त्ये बरंच केलं. पर काम मिळालं तवाच तुमी हसला. माझ्याबरूबर नुसतं बसायचं म्हटलं की तुमचा जीव जातो."

जेवताना लेक दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याआधी तयार होऊन बसले होते. "चल. आज काय करायचं न्हाई," म्हणाले. बसनं आम्ही शहराच्या टोकाला गेलो. तिथं कोळ्यांची जुनी वस्ती आहे, रंगीत घरं आणि गोट्यांचा लहानसा किनारा. गोट्यांवर बसलो. मी चपला काढून पाण्यात पाय सोडले. बराच वेळ गेला. एकदा ते उठायला लागले, मी बघितलं, तसे परत बसले.

मग समुद्राकडंच बघत म्हणाले, "तुला हरिहरेश्वरला न्यायचं व्हतं. लग्न झालं त्या साली. भोरला जाऊन वरंधा घाटातनं जाणाऱ्या एसटीची चौकशीबी केली व्हती."

मला हे कधीच माहीत नव्हतं. "मग बोलला का न्हाई?"

"बा आजारी पडला. पुढं बोललो असतो, तर न्यावं लागलं असतं."

मला हसू आलं आणि रडूही. ते घाबरून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई. सांगा अजून." आणि त्यांनी सांगितलं. लेक गेल्यावर घर मोठं वाटायचं, म्हणून शनिवार-रविवार सोडून आडवारीही माणसं घ्यायला लागले, हे. तवा गार झाला की त्यांना भीती वाटते, हे. मीही सांगितलं. दुपार टळून गेली. सव्वीस वर्षांत एवढं बोललो नव्हतो.

रविवारी त्या म्हाताऱ्या जोडप्यानं आम्हाला एका बोळीतल्या दुकानात जेवायला नेलं. गृहस्थ काठी टेकत आले. भट्टीतून तांब्याची भलीमोठी परात निघाली, वर सोनेरी पातळ पोळा. बाईंनी मोठ्या अपूर्वाईनं वाढला. हे एक घास खाऊन माझ्याकडं वळले, "अगं, ह्ये हरभऱ्याचं पीठ हाय!" खरंच होतं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. मी पिशवीतनं ठेच्याची बाटली काढली. गृहस्थांनी चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढं केला. लेक दुभाष्याचं काम करता करता हसून बेजार झाली.

पालीला परतल्यावर ह्यांनी दारावर खडूनं लिहिलं, "मंगळवारी बंद." गावात चेष्टा झाली. पहिल्या मंगळवारी हे दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या मंगळवारी आम्ही वरसगावला माझ्या बहिणीकडं गेलो. परवा हिर्डोशीला गेलो, नुसतं धरण बघायला. परतीची एसटी आलीच नाही, म्हणून खालच्या फाट्यापर्यंत चालत निघालो. दोन्ही बाजूला भाताच्या रोपांसाठी जमिनी भाजून काळ्या केलेल्या. वाटेत ह्यांचा मोबाईल वाजला. पुण्याची माणसं होती, वीस जणांचं जेवण हवं होतं.

"आज जमणार न्हाई," हे म्हणाले. "आमी फिरायला आलोय."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. हे माझ्याकडं बघत म्हणाले, "व्हय, दोघंच."