पहिली सही अनंताची

आंबेसुळ्यात अनंता पायरबद्दल चांगला शब्द काढणारा माणूस शोधून सापडायचा नाही. अनंताही कुणाबद्दल काढत नाही, त्यामुळे फिटंफाट आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणजे गावानं पाळलेला दुश्मन, अशीच सगळ्यांची समजूत. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याच्या हातात. मोहल्ल्याला पाणी सोडलं की वरची वाडी बोंबलते, "त्यांचा जावई झालास काय रं?" आणि वाडीला सोडलं की मोहल्ल्यातले खलीलचाचा दारात उभे राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. घरपट्टीची नोटीस द्यायला गेला की बायका कुत्रं सोडतात. एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. आता अनंताचं तोंडही इतकं सुटलंय की कुत्रंसुद्धा त्याच्यावर भुंकण्याआधी दोनदा विचार करतं.

हे सगळं तो सोसत होता ते एका शब्दासाठी. कायम. शिपाई कायम झाला की कुणाच्या बापाला त्याला काढता येत नाही. प्रत्येक नव्या सरपंचानं निवडून आल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो शब्द दिला होता आणि पाच वर्षांनी तसाच परत घरी नेला होता. बायको केसर तर भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमच्या दहाव्याला यायचा तो कागद. पिंडापाशी ठेवू, कावळा तरी शिवंल."

पण या वेळी काम झालं होतं. गेल्या दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याचा विषय घेतला होता. ग्रामसेवक, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, स्वतः म्हणाले होते, "अनंता, कागद अलिबागला झेडपीत गेलाय. आता तोंड जरा आवर, तक्रार येऊ देऊ नको." अनंतानं तोंड आवरलं नाही, पण तक्रारीची धास्ती मात्र घेतली.

आता आंबेसुळ्याची ग्रामसभा कशी होते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सभेला येतात दहा-बारा टाळकी, त्यातली चार चहासाठी. मग सभेची वही काखेत मारून अनंता घरोघर फिरतो आणि सह्या गोळा करतो. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा, खालच्या अर्ध्यात सह्या. वर काय लिहायचं ते भाऊसाहेब मागाहून निवांत लिहितात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाप करत होता, मुलगा करतो. फक्त कोऱ्या पानावर पहिली सही करायला माणूस जरा दचकतो, म्हणून अनंतानं स्वतःच एक युक्ती काढली होती. प्रत्येक पानावर पहिली सही तो आपलीच ठोकायचा. एक सही दिसली की पुढचा मुकाट्यानं पेन उचलतो. गेल्या सभेला त्यानं अशा एकशे बारा सह्या दोन दिवसांत आणल्या होत्या आणि त्याचा त्याला तोरा होता.

वहीत नंतर काय लिहिलं जातं ते त्यानं कधी बघितलं नाही. सातवी पास होता, वाचता येत होतं. पण हमालानं पोतं फोडून आत काय आहे ते बघायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

या जानेवारीत वरून हुकूम आला. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेआधी प्राथमिक शाळेत बालसभा घ्या, मुलांच्या मागण्या वहीत लिहा, फोटो पाठवा. भाऊसाहेबांनी अनंतापुढे वही सरकवली. "पोरांच्या सह्या आण. वर काय लिहायचं ते ठरलंय. वृक्षारोपण."

हे साधं काम झालं असतं, पण शाळेत प्रज्ञाबाई होत्या. म्हसळ्याहून सकाळच्या एसटीनं येणारी ही शिक्षिका अनंताला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. तिनं खडूच्या खोक्याची मतपेटी करून पोरांची निवडणूक घेतली होती, बोटांना शाईसुद्धा लावली होती. निवडून आली खलीलचाचांची नात माहीन. इयत्ता चौथी, पुढच्या दोन दातांत फट आणि जीभ आजोबांची. त्या पोरीनं अनंताला दोनदा तोंडी सांगून मग आठवड्यात अर्ज लिहून पंचायतीत आणून दिला होता: शाळेच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह गळतो, चिखल होतो, पहिलीतली मुलं पडतात. अनंतानं त्या अर्जात त्याच संध्याकाळी भजी बांधून नेली होती. व्हॉल्व्ह म्हणजे तोच. व्हॉल्व्हची तक्रार म्हणजे त्याचीच तक्रार. आणि ही तक्रार वहीत चढून अलिबागला पोचली तर? एकोणीस वर्षांवर पाणी!

म्हणून तो शाळेत गेला तो कंबर कसूनच. चाळीस पोरं पटांगणात रांगा धरून बसली होती. त्यानं वही टेबलावर आपटली, पान उघडलं, खालच्या अर्ध्यात पहिली सही ठोकली आणि पेन माहीनपुढे धरलं. "चल, कर सही. मग बाकीची."

माहीननं पान बघितलं. "मामा, वर काय नाही लिहिलेलं."

"भाऊसाहेब लिवतील."

"काय लिहितील?"

"तुला कशाला पायजे पंचायत? कर म्हटलं की करायची!"

"बाईंनी सांगितलंय, वाचल्याशिवाय सही करायची नाही."

अनंताचं टाळकंच फिरलं. "बाई!" तो प्रज्ञाबाईंवर ओरडला. "पोरांना पाढे शिकवायचे सोडून पुढारी करताय व्हय? ह्या गावात म्हातारी माणसं गप सही करतात, आन ही शेंबडी मला कायदा शिकवतेय!"

"म्हातारी माणसं करतात म्हणूनच हिला शिकवलं," प्रज्ञाबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. "व्हॉल्व्हची मागणी वर लिहू आणि मग सह्या करू. तुम्हाला घाई असेल तर भाऊसाहेबांना इकडे पाठवा."

"लिवायचं असतं कसं ते तरी म्हाईत हाय का? ते सरकारी लिवणं असतंय, निबंध न्हाय."

"बरं झालं आठवण केलीत. माहीन, मागचं पान उलट. मागची सभा कशी लिहिलीय ते मोठ्यानं वाच, म्हणजे तसंच लिहिता येईल."

"वाचा, वाचा!" अनंता बाकावर बसत म्हणाला. "अख्खं पुराण वाचा. मला कुठं घाई हाय!"

माहीन वाचू लागली. दातांच्या फटीतून हवा जात होती, पण पोरगी अडखळत नव्हती. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त. विषय दुसरा, जमाखर्च. पोरं जांभया द्यायला लागली. सहा विषय झाले आणि सातव्याला ती म्हणाली, "ग्रामपंचायत शिपाई श्री. अनंता धाकू पायर यांना कायम करणेबाबत."

अनंता ताडकन उभा राहिला. शर्ट खाली ओढला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या नावाआधी श्री. वाचलं होतं. "हं!" तो म्हणाला. "हे जरा मोठ्यानं वाच. बाईंनापण ऐकू दे. त्या मागच्या पोरांनो, गप बसा रे!"

माहीननं आवाज चढवला. "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. सदर कर्मचारी यांचे काम असमाधानकारक असून ते ग्रामस्थांशी उद्धट वर्तन करतात. सबब त्यांना कायम करण्यात येऊ नये. येत्या एप्रिलपासून त्यांना कामावरून कमी करून त्यांच्या जागी श्री. प्रितम..."

प्रितम म्हणजे सरपंचांचा पुतण्या. नागावला पर्यटकांच्या बोटीचा धंदा करायला गेला आणि चार महिन्यांत बोट विकून घरी आला, तो.

"थांब माहीन," प्रज्ञाबाई म्हणाल्या.

"वाच," अनंता म्हणाला.

"...यांची नेमणूक करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर." माहीननं खाली बघितलं आणि कोड्यात पडल्यासारखी मान वर केली. "मामा, ह्याच्याखाली पहिली सही तुमचीच आहे."

अनंता पुढे आला आणि त्यानं स्वतः बघितलं. त्याचीच होती. त्याखाली खलीलचाचांची, त्याखाली वाडीतल्या माणसांची. ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांची होती आणि ज्यांनी पाणी पाजलं त्यांचीही. एकालाही ठाऊक नव्हतं. उन्हातान्हात फिरून, कुत्री हाकून, त्यानंच ती एकेक सही दारादारातून गोळा केली होती. आणि ही वही भाऊसाहेबांनी आज बिनघोर त्याच्या हातात दिली होती, कारण ज्यानं एकोणीस वर्षांत कधी पान उलटलं नाही त्याच्यापासून काय लपवायचं?

"हरामखोर," अनंता म्हणाला. पोरांसमोर म्हणाला, पण प्रज्ञाबाईंनी टोकलं नाही.

खिशातला फोन वाजला. भाऊसाहेबच. फोनमधला आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचत होता. "झाल्या का सह्या? वरचं कोरं ठेव हां."

अनंतानं फोन बंद केला.  भाऊसाहेबांचा राग होता, सरपंचाचा होता, पण सगळ्यात जास्त राग त्या पहिल्या सहीचा होता. त्यानं आज उघडलेलं पान पुढे ओढलं आणि मघाशी ठोकलेली आपली सही पेनानं खोडली. इतकी खोडली की कागद फाटला.

"लिव," तो माहीनवर खेकसला.

"काय?"

"व्हॉल्व्ह गळतो ते लिव. चिखल होतो, पोरं पडतात, लिव सगळं. शिपायाला तीनदा सांगितलं, त्यानं ऐकलं न्हाय, हेपण लिव. खरं हाय ते. आन वरून सुरू कर. बोटभर जागासुद्धा कोरी सोडलीस तर कान उपटीन!"

माहीन लिहू लागली. प्रज्ञाबाई शब्द सांगत होत्या, पोरं मध्येच सुचवत होती, कुणीतरी म्हणालं चिखलात डासपण होतात, तेही लिहिलं. वरचा अर्धा भाग गच्च भरला. मग एकेक पोर पुढे आलं, ओठ हलवत वाचायचं आणि नाव लिहायचं. पहिलीतल्यांना माहीन वाचून दाखवत होती. दुपार टळली तरी अनंता बाकावरून उठला नाही.

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर माहीननं वही त्याच्यापुढे धरली. खाली एकच ओळ उरली होती.

"मामा, तुमची राहिली."

अनंतानं पेन हातात घेतलं. कागदाला टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"आधी वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून."